लेथची मोटार बदलताना आधी पाटी वाचा

लाकूड फिरवून कातायच्या लहान लेथवर बाभळीचा ठोकळा चढवला की अर्ध्या एचपीच्या मोटारीचा लेथ घुरघुरून थांबतो. आधी बेल्ट सैल आहे का बघा. तो ठीक असेल तरच मोटार बदला. सोलापुरात यंत्रमागावरची जुनी मोटार मिळते, पण घेण्याआधी तिच्यावरची पाटी वाचाच. थ्री-फेज असेल तर घरच्या सिंगल-फेजवर थेट चालणार नाही, व्हीएफडी (सिंगल-फेजवरून थ्री-फेज वीज देणारं उपकरण) लागेल. १४४० आरपीएमच्या मोटारीला २ इंची पुली आणि लेथला ४ इंची, म्हणजे लेथचे मिनिटाला ७२० फेरे. वाकड्या, जड ठोकळ्याला सुरुवातीला हेसुद्धा जास्तच. मोटारीची बॉडी पूर्ण बंद हवी. माझ्या उघड्या मोटारीत वाइंडिंगवर (आतल्या तारांच्या गुंडाळीवर) भुश्याचा थर बसला आणि मे महिन्याच्या उन्हात ती जळाली. पहिल्यांदा लाकूड न लावता फिरवा: स्पिंडलची (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याची) वरची बाजू तुमच्याकडे यायला हवी.