सत्तर सालची चॅलेंजर घेताय? फेंडर टॅग सगळ्यात शेवटी वाचा

डेट्रॉइटच्या आसपास 1970 ची डॉज चॅलेंजर आर/टी (चॅलेंजरची जास्त ताकदीची आवृत्ती) बघायला ओळखीतलं कुणी निघालं की टॉर्च घेऊन मी बरोबर जातो. विकणारा बॉनेट उघडतो आणि डाव्या फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) आतली पत्र्याची पट्टी, म्हणजे फेंडर टॅग, दाखवतो: "ई74, म्हणजे 426 हेमी!" (हेमी हे 426 क्यूबिक इंचांचं दुर्मीळ, ताकदवान इंजिन.) ती पट्टी स्क्रूंवर बसलेली असते आणि तशीच नवी पट्टी विकत बनवून मिळते. त्या पट्टीवर मी इसार देणार नाही.

आधी काचेतून दिसणारा, डॅशवरचा गाडीचा ओळख-नंबर उतरवून घ्या. समजा सुरुवात जेएस23आर0बी अशी आहे. जे म्हणजे चॅलेंजर, एस म्हणजे आर/टी (साधी असेल तर तिथे एच), 23 हार्डटॉप, आर म्हणजे हेमी, 0 म्हणजे 1970, बी म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. लॉस एंजेलिसची असेल तर ई. पुढे सहा आकडे. इंजिनाच्या जागी जी असेल तर ती गाडी 318 हे लहान इंजिन घेऊन जन्मली, आज बॉनेटखाली काहीही बसवलेलं असो. हेमीवाल्या आर/टी त्या वर्षी साडेतीनशेच्या आसपासच निघाल्या, त्यामुळे गल्लोगल्ली दिसणाऱ्या हेमी बघून मला हसू येतं. डॅशवरच्या नंबरपट्टीचे रिव्हेट नवेकोरे दिसले, तर तिथेच थांबून विचारा.

आता खरं काम. वर्षाचा आकडा, कारखान्याचं अक्षर आणि ते सहा आकडे कारखान्याने बॉडीच्या पत्र्यातच ठोकलेले असतात. रेडिएटरच्या सपोर्टवर बघा, मग काचेखालच्या पत्र्यावर, बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर उचलून. समोरून ठोकर बसलेल्या गाडीचा सपोर्ट बदललेला असू शकतो, तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. पण पत्र्यातला नंबर डॅशशी जुळत नसेल, किंवा तिथे घासून वेल्डिंग केलेलं दिसलं, तर एक डॉलरही देऊ नका. हा नंबर खोडणं अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे आणि गाडी जप्त झाली की तुमचे पैसेही गेले.

इंजिनावरचा आणि गिअरबॉक्सवरचा नंबर वेगळा निघाला, तर मी एवढा घाबरत नाही. पन्नास वर्षांत इंजिनं बदलतात. फक्त 'नंबर्स मॅचिंग'चा, म्हणजे मूळ इंजिन-गिअरबॉक्स असलेल्या गाडीचा, भाव देऊ नका.

दाराच्या स्टिकरवरही पूर्ण नंबर असतो, तो पटकन ताडून घ्या.

आता फेंडर टॅग. तो खालून वर वाचायचा. खालच्या ओळीत इंजिनाचा कोड आणि गाडीचा नंबर असतो. डॅशवरच्या नंबरात इंजिनाच्या जागी जे अक्षर आहे, त्याच्याशी हा कोड जुळायला हवा: आरशी ई74, व्हीशी ई87, यूशी ई86. त्यावरच्या ओळीत रंग असतो. एफसी7 लिहिलं असेल तर गाडी प्लम क्रेझी, म्हणजे जांभळी. वरून कितीही लाल दिसू दे, डिकीतली चटई उचला, डॅशच्या मागे टॉर्च मारा, जांभळा कुठेतरी सापडायलाच हवा. व्ही1एक्स असेल तर छताला कारखान्यातूनच काळं व्हिनाइल होतं.