काठमांडूत चित्रकलेचा तास घ्यायला जाताना

तुमच्या ख्रिस्ती मंडळीतून कोणी नेपाळला जाऊन, तस्करीतून सुटलेल्या मुलांना चित्रकला शिकवणार असेल तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी अहमदनगरला ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला शेकडो मुलं बसवली. निवृत्त झाल्यावर दोनदा, चार-चार महिने, काठमांडू खोऱ्यातल्या एका निवाऱ्यात तास घेतले. निवाऱ्याचं नाव, जागा लिहीत नाही. तुम्हीही कधी लिहू नका, कारण या मुलांना शोधणारी माणसं अजून मोकळी असतात.

नेपाळच का, असं मला पाळकसाहेबांनीही विचारलं होतं. नेपाळच्या मुली आपल्या कामाठीपुऱ्यात विकल्या गेल्या. १९९६ मध्ये मुंबईतल्या छाप्यांतून सुटून परत गेलेल्या मुलींनी काठमांडूत ‘शक्ती समूह’ उभा केला, त्याला २०१३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुलगे आपल्याकडच्या जरीच्या कारखान्यांत आले. सर्कशींतही मुलं नेली गेली. त्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. माझी पणजी दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंकडे आली आणि वाचली. म्हणून मला घरी बसवेना.

आधी संस्था पारखा. नेपाळमध्ये डोंगरातल्या आईबापांना शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं आणायची, ‘अनाथ’ म्हणून ठेवायची आणि परदेशी पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे, असाही धंदा चालतो. तीही तस्करीच. जी संस्था फोनवर ‘या, कधीही या’ म्हणते, मुलांबरोबर फोटो काढू देते, आठवडाभरासाठीही घेते, तिथे जाऊ नका. चांगली संस्था तुमच्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला मागते, दोन ओळखीच्या माणसांशी बोलते, किमान तीन महिने राहायला सांगते आणि होकार देण्याआधी थांबवून ठेवते. मला पाच महिने थांबवलं. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पण काम करायला कोणता कागद लागतो ते आधी विचारा. तो कागद संस्थेकडूनच रीतसर करून घ्या.

नेपाळी शिकूनच जा. लिपी आपलीच, देवनागरी, त्यामुळे पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात आणि हिंदीवर भागेल असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्याच तासाला मी एका मुलाला म्हटलं, “चलो बेटा, जल्दी करो.” तो मुंबईच्या जरीच्या कारखान्यातून आलेला होता. त्याने मान खाली घातली आणि तासभर वर पाहिलं नाही. ज्या भाषेत त्याच्यावर खेकसलं गेलं होतं तीच माझ्या तोंडून आली होती. त्यानंतर मी त्या खोलीत हिंदी बोलले नाही. चार-पाच शब्दांवर बराच तास निघतो: “कुन रङ?” म्हणजे कोणता रंग, “बिस्तारै” म्हणजे सावकाश, “मन लाग्छ?” म्हणजे करावंसं वाटतंय का. आणि मुलाने “मन लागेन” म्हटलं की तिथेच थांबायचं.

खोलीचं दार उघडं ठेवा आणि प्रत्येक मुलाला ते दिसेल, पाठ भिंतीला लागेल असं बसवा. निवाऱ्यातली एक दिदी कायम खोलीत हवी. आता आपल्या सगळ्या चित्रकला शिक्षकांची एक सवय सांगते, जी मोडायला मला महिना लागला. मुलाची रेषा वाकडी जाते, आपण मागून वाकतो, त्याचा हात धरतो आणि काढून देतो. इथे ते कधीच करायचं नाही. हाताला हात लावायचा नाही, मागून जायचं नाही, त्याच्या कागदावर रेघ ओढायची नाही. शेजारी आपला कागद घेऊन बसायचं आणि त्यावर काढून दाखवायचं. बघायचं असेल तर तो बघेल.

सामानात तैलखडू, पोस्टर कलर, जाड कार्ट्रिज कागद पुरेत. जाड ब्रश घ्या, लहान मुठीत नीट बसतात. उग्र वासाचा गोंद नेऊ नका. काठमांडूच्या रस्त्यावर राहिलेल्या कितीतरी मुलांनी तो हुंगलेला असतो. मैद्याची खळ शिजवा, घरी पुस्तकांना कव्हर घालायला करायचो तशी. कात्री, कटर आणू नका. कागद हाताने फाडून कोलाज सुंदर होतं. लोक्ता झुडपाच्या सालीचा नेपाळी कागद तिथे मिळतो, त्यावर शाई पसरत जाते आणि मुलं हरखून बघतात.

माती मनाला शांत करते असं आपण शिकलो. पण भक्तपूरच्या बाजूला वीटभट्ट्या आहेत, आणि तिथे साच्यात माती थापलेल्या मुलासमोर मातीचा गोळा ठेवला तर ते त्याला कामच वाटतं. जरीवाल्याला सुई, गालिचा विणलेल्याला धागा, तसंच. म्हणून कोणतंही साधन काढण्याआधी तिथल्या समुपदेशक ताईंना विचारा. त्या कारण सांगणार नाहीत, फक्त ‘नको’ म्हणतील. तेवढं पुरेसं आहे.

पहिले तीन आठवडे विषय देऊ नका. मी दुसऱ्या तासाला, सवयीने, फळ्यावर ‘माझे घर’ लिहिलं. स्मरणचित्राचा सगळ्यात सोपा विषय! एका मुलीने खडू मोडला आणि ती उठून गेली. तिला घरातूनच पाठवलं होतं. ते मला आजही टोचतं. घर, आई, कुटुंब, ‘मोठेपणी मी’ हे विषय सोडा. त्याऐवजी पानांचे ठसे घ्या, झाडाच्या सालीवर कागद ठेवून खडू घासा, दोन रंग मिसळून तिसरा शोधा. ठिपक्यांची रांगोळी तर फारच चालली. तिहारला, म्हणजे नेपाळच्या दिवाळीला, तिथेही रांगोळी काढतात, त्यामुळे ती परकी नव्हती. ठिपके मोजून मांडायचे, कुठून कुठे जोडायचं ते आपणच ठरवायचं. ज्या मुलांसाठी सगळं दुसऱ्यांनी ठरवलं होतं त्यांना हे ठरवणं फार हवं असतं. वारलीचे गोल, त्रिकोण, चौकोनही तसेच. प्रत्येक वेळी निवड द्या: दोन कागद, तीन रंग. एक मुलगी दहा दिवस फक्त खडू रंगांप्रमाणे लावून ठेवायची. अकराव्या दिवशी तिने एक निळी रेघ ओढली.

चित्राचा अर्थ लावू नका. काळा रंग म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, हे आपलं काम नाही. “हे काय काढलंस?” असंही विचारू नका. “इथे निळा दाबून लावलास, छान उठलाय” एवढं बोला. मुलाने स्वतःहून काही सांगितलं तर ऐका, खोदू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. त्याच दिवशी त्याचेच शब्द लिहून समुपदेशक ताईंना द्या. यातल्या कित्येक मुलांचे खटले चालू असतात. आपल्या एका सूचक प्रश्नाने त्यांची साक्ष डळमळू शकते.

चित्र मुलाचं. प्रत्येकाचा फोल्डर, त्यावर नावाऐवजी त्याने निवडलेली खूण, आणि सगळे फोल्डर कुलपात. ठेवायचं, द्यायचं की फाडायचं, तो ठरवेल. पहिल्या खेपेला मी एका चित्राचा फोटो घरच्यांना पाठवला, आणि तो आठवड्यात कुठल्या कुठे फिरला. मी त्या मुलाची माफी मागितली. फोन आता दाराबाहेर ठेवते.

आणि आपली श्रद्धा. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई आहे. २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. या मुलांना आधी कोणीतरी मिठाई दिली, कपडे दिले आणि मग त्याची किंमत मागितली. रंग देऊन आपण प्रार्थना मागितली तर त्यांना तोच सौदा दिसेल. नाताळची कार्डं करून देणगीदारांना पाठवू नका, क्रूस काढायला लावू नका. मी पहाटे माझ्या खोलीत एकेका मुलासाठी प्रार्थना करायची. नेपाळात सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी. तिथे जाऊन रडायचे, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता वेळेवर तासाला. वेळ चुकवायची नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही.

जाण्याची तारीख पहिल्याच दिवशी सांगा. मी भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावली होती, रोज एक मूल त्यातला एक चौकोन रंगवायचं. ‘परत येईन’ म्हणू नका. शेवटचा महिना तिथल्याच एका दिदीने तास घ्यावा आणि आपण मागे बसावं. कपाटाची किल्ली मी तिच्या हातात दिली. परतल्यावर मंडळीत अनुभवाची साक्ष द्यायला मला उभी केली तेव्हा मी सामानाचा हिशेब वाचला: कार्ट्रिज कागद ६००, तैलखडूंचे डबे ४०, मैदा ३ किलो. दाखवायला चित्र एकही आणलं नव्हतं.