क्रूझ आणि सफारी एकाच सहलीत: बंदरातल्या दिवसाचं गणित आधी मांडा

दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर क्रूझचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. डर्बन आणि रिचर्ड्स बे ज्या प्रांतात येतात त्या क्वाझुलू-नाताळात पाऊस पडतो तोही याच दिवसांत. गवत उंच वाढतं, पाणी जागोजाग असतं, त्यामुळे प्राणी पांगतात. ही तडजोड मान्य असेल तरच तिकीट काढा.

मार्ग केप टाउन ते डर्बन असा घ्या, पोर्ट एलिझाबेथ (शहराचं आताचं नाव ग्केबेर्हा) आणि रिचर्ड्स बे हे थांबे असलेला. पुढे मोझांबिकमधल्या मापुटोला जाऊन परतणार असाल तर दक्षिण आफ्रिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा लागेल.

घोळ होतो तो बंदरातल्या दिवसाचा. पत्रकात ‘सकाळी 8 ते संध्याकाळी 6’ दिसलं की लोक दहा तास धरतात. ते खरं नाही. तपासणी होऊन बसमध्ये बसेपर्यंत 9 वाजतात आणि 5 पर्यंत परत यायला हवं. उरले आठ. रिचर्ड्स बेहून ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्याचं फाटक तासाभराहून लांब. जाऊन-येऊन अडीच-तीन तास धरा. जंगलात मिळाले जेमतेम पाच, तेही भर दुपारचे आणि ताशी 40 किलोमीटरच्या मर्यादेत.

त्या वेळी सिंह-बिबट्यांच्या मागे लागू नका, ते सावलीत पडलेले असतात. चालकाला पाणवठ्यांकडे न्यायला सांगा. गेंडे आणि रानम्हशी उन्हात चिखलात लोळायला येतात. हे अभयारण्य 1895 पासूनचं, आणि दक्षिणी पांढरा गेंडा नामशेष होता होता वाचला तो इथेच. दिवस त्याच्यासाठी द्या. पोर्ट एलिझाबेथहून अ‍ॅडो हे हत्तींचं राष्ट्रीय उद्यान जास्त सोपं: उन्हाच्या दिवशी हत्तींचे कळप दुपारीच पाण्यावर येतात, मलेरियाही नाही.

या दोन्ही दिवशी जहाजाचीच सहल घ्या, महाग पडली तरी. तिची बस अडकली तर जहाज थांबतं. खासगी गाडी उशिरा पोचली तर पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचं, आणि ते मापुटो असेल तर मोझांबिकच्या व्हिसाशिवाय तेही नाही.

पहाटेची खरी सफारी क्रूझ संपल्यावर, किमान तीन रात्री. डर्बनहून ह्लुह्लुवे गाडीने तीन-साडेतीन तास. क्रूझ उलट दिशेने केप टाउनला संपत असेल तर त्याच दिवशीचं विमान मुळीच घेऊ नका. उन्हाळ्यात तिथला आग्नेय वारा बंदर तासन्‌तास बंद पाडतो.

जाता-येता केनियात उतरणार असाल तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी. छोट्या विमानाने लॉजवर जाणार असाल तर मऊ बॅग, साधारण 20 किलो. दुर्बीण 8×42, माणशी एक.