जुन्या गाडीच्या मीटरमध्ये एलईडी बसवताना

मारुती ८००, ओम्नी, झेन आणि त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांच्या मीटरमागे फिलामेंटचे छोटे काचेचे बल्ब असतात. वर्षानुवर्षं तापून त्यांची काच काळवंडते, भोवतालचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं आणि रात्री मीटर वाचायला डोळे ताणावे लागतात. एलईडी बसवले की हा त्रास मिटतो. काम घरी, दिवसाउजेडी, दोन-तीन तासांत होतं. मात्र मीटरमधले सगळे बल्ब एकाच कामाचे नसतात. काही फक्त तबकडी उजळतात, काही इशारा देतात, आणि इशाऱ्याच्या बल्बांपैकी एक-दोन असे असतात की त्यांच्यातून जाणाऱ्या करंटवर गाडीतली दुसरी यंत्रणा अवलंबून असते. कुठला बल्ब कशाचा, हे ठरवल्याशिवाय खरेदीला जाऊ नका.

हात लावू नये असे बल्ब

पहिला चार्जिंगचा, म्हणजे बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत चावी फिरवली की बॅटरीचा करंट या बल्बमधूनच अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) कॉइलला जातो आणि तिच्यात सुरुवातीचं चुंबकत्व तयार होतं. ३ वॉटचा बल्ब साधारण पाव अँपिअर करंट जाऊ देतो. एलईडी जेमतेम १०-२० मिलिअँपिअर. परिणाम असा की इंजिन सुरू झालं तरी चार्जिंग सुरू होत नाही, किंवा रेस दिल्यावरच होतं. एलईडीला समांतर ४७ ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर (करंटला रोध करणारा सुटा भाग) लावून हे सुटतं, पण नुसती चावी चालू असताना तो चांगलाच तापतो आणि मीटरमागे प्लास्टिकशिवाय दुसरं काही नसतं. तेव्हा तिथे फिलामेंटचाच नवा बल्ब टाकावा हे उत्तम.

दुसरा पेट्रोल संपत आल्याचा दिवा. काही गाड्यांत टाकीत थर्मिस्टर असतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत तो थंड राहतो आणि करंट अडवतो. उघडा पडला की तापतो, त्याचा रोध कमी होतो आणि दिवा लागतो. एलईडीला पेटायला इतका थोडा करंट पुरतो की टाकी भरलेली असतानाही तो मंद पेटलेला राहू शकतो. एअरबॅग आणि एबीएसचे दिवेही तसेच राहू द्या, कारण काही गाड्यांचं कंट्रोल युनिट त्या बल्बवर लक्ष ठेवून असतं.

इंडिकेटरचा बाण तपासून घ्या. डावी-उजवी मिळून एकच दिवा असेल, तर तो अनेकदा दोन्ही बाजूंच्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो. डावीकडे वळताना करंट एका दिशेने जातो, उजवीकडे वळताना उलट. साधा एलईडी तिथे एकाच बाजूला लुकलुकेल. दोन्ही दिशांनी चालणारा, म्हणजे आत ब्रिज असलेला एलईडी मागा.

ऑइल, हँडब्रेक आणि अप्परचे (हाय बीमचे) दिवे बदलायला सहसा अडचण नसते. स्विचमध्ये ओल शिरल्यामुळे एखादा बंद असतानाही मिणमिणत राहिला, तर त्याला समांतर १ किलोओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर लावा.

काय विकत घ्यायचं

जुना बल्ब सोबत न्या. सुमारे १० मिलिमीटर जाडीचा तो टी १०, ५ मिलिमीटरचा तो टी ५. उंचीही जुळली पाहिजे. एलईडी लांब निघाला तर तबकडीच्या पाठीला टेकतो. फिलामेंट चहूबाजूंनी उजेड टाकतो, एलईडी समोर. म्हणून फक्त टोकाला चिप असलेला घेऊ नका; चारही बाजूंना आणि डोक्यावर मिळून पाच चिप असलेला घ्या. प्रत्येक एलईडी अर्ध्या वॉटचा पुरतो. ‘कॅनबस’ लिहिलेले, म्हणजे बल्ब तपासणाऱ्या नव्या गाड्यांसाठीचे, टाळा. त्यांत जास्तीचे रेझिस्टर असतात, ते तापतात आणि या गाड्यांना त्यांचा काही उपयोग नाही.

सुटे ५ मिलिमीटरचे एलईडी वापरायचे असतील, तर रेझिस्टरचा हिशेब १२ नव्हे, १४.४ व्होल्टवर करा. चार्जिंग चालू असताना व्होल्टेज तिथवर जातं. पांढऱ्याला ३.२ व्होल्ट आणि १५ मिलिअँपिअर धरले, तर ७५० ओहम, पाव वॉट. लाल एलईडीला २ व्होल्ट धरून ८२० ओहम. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं सुटं मिळतं.

रंगाबाबत एक चूक हमखास होते. तबकडीच्या मागे हिरवी किंवा निळी फिल्म असेल, तर तिच्यामागे लाल एलईडी जवळजवळ काळाच दिसतो. बल्बवर रंगीत रबरी टोपी असेल तर ती काढा आणि पांढरा एलईडी लावा. लाल इशाऱ्यामागे लाल एलईडीच हवा. थंड पांढऱ्या उजेडात लाल रंग कमी असतो, त्यामुळे इशारा फिका गुलाबी दिसतो. इशाऱ्यांचे ठरलेले रंग आवडीनुसार बदलू नयेत. दुसरं कोणी गाडी चालवायला बसलं तर त्याला ऑइलचा दिवा ओळखता आला पाहिजे.

मीटर बाहेर काढणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर १० च्या पान्याने सोडवा. स्टीअरिंगवर जाड कापड टाका. मीटरवरचं झाकण आणि मग मीटर, असे स्क्रू काढत जा, आणि कुठला स्क्रू कुठचा याचे फोटो घ्या. लांबी वेगवेगळी असते. मीटर थोडा पुढे ओढून मागे हात घाला. कपलर वायरीला धरून ओढू नका, आधी कडी दाबा. स्पीडोमीटरला केबल असेल तर तिच्या तोंडाशी प्लास्टिकची कळ असते, ती दाबली की केबल सुटते. पुढची काच उघडायची गरज नाही. काट्यांना हातही लावू नका.

मागच्या बाजूला पारदर्शक फिल्मवर तांब्याच्या पातळ रेषा दिसतील. मीटरची सगळी वायरिंग तीच. बल्बचा होल्डर पाव फेरा डावीकडे फिरवला की निघतो. जोर लावून उचकटलात तर तांबं फाटतं. फाटलंच, तर दोन्ही टोकं खरवडून वर बारीक वायर ठेवा आणि झटकन सोल्डर करा. सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकली तर फिल्म वितळते. कोकणातल्या दमट हवेत तांबं काळं पडतं. ते पेन्सिलच्या खोडरबराने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. निम्मे ‘खराब’ एलईडी यानेच सुरू होतात.

एलईडी होल्डरमध्ये बसवताना त्याच्या दोन तारा एकमेकींना टेकणार नाहीत हे पाहा. टेकल्या तर फ्यूज जातो, आणि तो बहुधा पार्किंग लाइटचाही असतो, म्हणजे मागचे दिवेही बंद. होल्डर सैल वाटला तर त्याच्या पत्र्या चोचीच्या पकडीने किंचित आत दाबा.

आता मीटर पक्का न बसवता फक्त कपलर लावा, बॅटरी जोडा आणि पार्किंग लाइट चालू करा. जो एलईडी पेटला नाही तो उलटा बसलाय. दिवे बंद करून तो अर्धा फेरा फिरवून पुन्हा खोचा. मग चावी चालू करून, इंजिन सुरू न करता, ऑइल, चार्जिंग आणि हँडब्रेकचे दिवे लागतात ना ते बघा. दोन्ही इंडिकेटर आणि अप्परही लावून बघा.

तबकडीवर मध्येच उजळ डाग पडत असतील तर एलईडीचं टोक ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून धुरकट करा. डिमर असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट दिसेल. त्यातला जुना रिओस्टॅट (फिरवून रोध बदलणारा भाग) बल्बच्या भारावर चालतो, त्यामुळे नुसत्या एलईडींवर तो फिरवूनही उजेड फारसा कमी होत नाही. तबकडीच्या कोपऱ्यातला एखादा फिलामेंट बल्ब तसाच ठेवला, तर डिमर बराचसा कामाला येतो.

स्पीडोमीटरची केबल ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा आणि ती कुठे मुडपत नाही ना ते पाहा. मुडपली तर काटा थरथरतो. शेवटी दिवे नसलेल्या रस्त्यावर रात्री एक चक्कर मारा. मीटरची झळाळी पुढच्या काचेत दिसत असेल किंवा मीटरकडे पाहून नजर रस्त्यावर नेल्यावर क्षणभर अंधार वाटत असेल, तर कमी वॉटचे किंवा पिवळसर पांढरे एलईडी लावा. निळे टाळा, रात्री तेच सर्वांत जास्त खुपतात.