मुलींचा रॅप गट काढताना : नाशिकमधील अनुभव

आम्हा चौघींचा मराठी रॅप करणारा गट गेली काही वर्षे नाशिकमध्ये काम करीत आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली भेटतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा मायक्रोफोन कोणता घ्यावा किंवा बीट (रॅपच्या ओळींखाली वाजणारे तयार संगीत) कोठून मिळवावा, असा असतो. मी त्यांना आधी वेगळेच विचारते : ओळी कोण लिहिणार, ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचे राहणार आणि चॅनेलचा पासवर्ड कोणाकडे असणार? सुरुवातीला हे प्रश्न रुक्ष वाटतात. तथापि मुलींच्या गटांचा इतिहास वाचला की ते सर्वांत आधी का विचारावेत हे समजते.

‘द सीक्वेन्स’ या अमेरिकेतील तीन मुलींच्या गटाची रॅपची तबकडी 1979 मध्येच निघाली होती आणि ती काढणाऱ्या ‘शुगर हिल रेकॉर्ड्स’ या कंपनीची सूत्रे सिल्व्हिया रॉबिन्सन या स्त्रीच्याच हाती होती. म्हणजे या संगीतात स्त्रिया मागाहून आल्या, हा समज खरा नाही. न्यूयॉर्कमधील ‘सॉल्ट-एन-पेपा’ या गटाची कथा नवख्या मुलींनी विशेष लक्ष देऊन वाचावी. आरंभीच्या काळात त्यांची बहुतेक गाणी त्यांचा निर्माता लिहीत असे. पुढे गटातील शेरिल जेम्स यांनी ‘एक्स्प्रेशन’ हे गाणे स्वतः लिहिले, त्याची निर्मितीही स्वतः केली आणि ते अमेरिकेतील रॅप गाण्यांच्या यादीत कित्येक आठवडे अग्रस्थानी राहिले. असे असूनही मानधनाच्या वाटणीवरून गटातील डीजे स्पिंडरेला यांना 2019 मध्ये न्यायालयात जावे लागले, आणि मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क परत मिळावेत म्हणून 2025 मध्ये या गटाने युनिव्हर्सल या संगीत कंपनीवर दावा दाखल केला. ‘टीएलसी’ या गटाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे, कारण त्यांच्या दुसऱ्या अल्बमची तडाखेबंद विक्री चालू असतानाच, 1995 मध्ये, त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. गाण्यात स्त्रीच्या स्वातंत्र्याचा उच्चार कितीही ठणकावून केलेला असो, करारात ते नसेल तर पैसा दुसरीकडेच जातो.

आपल्याकडेही आता एकाकीपणाची तक्रार करण्याचे कारण उरलेले नाही. मुंबईतील ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ हा मुलींचा गट अनेक भाषांत रॅप करतो, तर महादेव कोळी समाजातून आलेली माही जी मराठीत जंगल आणि जमिनीविषयी गाते.

लेखनाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण मराठीत ठेच लागते ती येथे. मराठी वाक्य क्रियापदावर संपते. त्यामुळे नवखी मुलगी सोळा ओळी लिहून आणते तेव्हा त्यांतील बहुतेक ओळी ‘आहे’, ‘राहे’, ‘पाहे’ अशा यमकांवर संपलेल्या असतात आणि तिसऱ्या ओळीपासूनच ऐकणाऱ्याला पुढचे यमक कळू लागते. क्रियापद ओळीच्या मध्यावर आणून शेवटी नाम ठेवले की यमकांची निवड वाढते आणि अर्थालाही धार येते. एका ओळीला चार ठोके धरले तर मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या लयीत सोळा ओळींचे कडवे साधारण त्रेचाळीस सेकंदांत संपते. तेवढ्या अवधीत एकच गोष्ट नीट सांगता येते, म्हणून ‘समाजातील स्त्री’ असा विषय घेण्यापेक्षा सातपूरच्या कारखान्यातून दुसऱ्या पाळीनंतर घरी परतणारी एक बाई घ्यावी. जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह अवश्य वाचावेत. सासर, भाऊ, भूक यांविषयी बायका स्वतःच्या तोंडाने किती थेट बोलत असत, हे तेथे दिसते. वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. साध्या बोलीत ठाम विधान कसे करावे याचा त्यांच्या गीतांहून चांगला पाठ मला दुसरीकडे मिळाला नाही.

नाशिकच्या गटाने नाशिक ढोल वापरावा, असे प्रत्येकजण सुचवतो. जरूर वापरावा, परंतु ध्वनिमुद्रणात तो बेतानेच घ्यावा लागतो. ताशाचा कडकडाट ‘च’, ‘स’, ‘ट’ या व्यंजनांच्याच पट्ट्यात येतो आणि शब्द गिळून टाकतो. आम्ही कडव्यात ताशा पूर्ण बंद ठेवतो आणि ढोलावरचा टिपरूचा एकेक ठोका ओळींमधल्या मोकळ्या जागी बसवतो. ढोल-ताशाचा पूर्ण गजर फक्त ध्रुवपदात येतो. आवाज मुद्रित करणारे तंत्रज्ञ बहुधा पुरुष असतात आणि मुलींचा आवाज ‘गोड’ करण्याकडे त्यांचा कल असतो, असे माझे निरीक्षण आहे. एका स्टुडिओत आमच्या मैत्रिणीच्या आवाजातील खरखर न विचारताच काढून टाकली गेली होती. तेव्हापासून अंतिम मिश्रणाच्या वेळी आमच्यापैकी दोघी तंत्रज्ञाच्या शेजारी बसतात आणि मूळ ट्रॅक सुटे करून आपल्या हार्ड डिस्कवर घेतल्याखेरीज उठत नाहीत.

आता कागदपत्रांकडे वळते. गाणे पूर्ण झाले की त्याच दिवशी शब्द, चाल आणि बीट यांतील प्रत्येकीचा टक्का एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. मैत्रीत हिशेब कशाला, असा आक्षेप हमखास येतो. सही मात्र त्याच दिवशी घ्यावी. इंटरनेटवर विकत घेतलेल्या बीटचा परवाना वाचावा, कारण स्वस्त परवान्यात तोच बीट इतरांनाही विकला जातो. भारतीय कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीनुसार, ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या आणि संगीताच्या कर्त्याला आपला रॉयल्टीचा समान वाटा सोडून देता येत नाही. तेव्हा ‘सर्व हक्क कायमचे सोडले’ असे वाक्य करारात दिसले तर त्यावर निमूटपणे सही करू नये. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. गीतकार आणि संगीतकार म्हणून, त्यांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासदत्व घेता येते, ते घ्यावे.

कार्यक्रमांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. महिला दिनाला सर्वांना मुलींचा गट हवा असतो आणि मानधन विचारले की ‘व्यासपीठ देतो आहोत’ असे उत्तर मिळते. मानधनाचा निम्मा भाग आगाऊ घ्यावा, आणि रात्री परतण्याच्या गाडीचा खर्च आयोजकाकडे आहे हे लेखी घ्यावे. घरच्यांना एकदा तालमीला बोलवावे. त्यानंतर निम्मी भांडणे आपोआप मिटतात.

राहिला प्रश्न गटातून कोणी बाहेर पडण्याचा. लग्न, नोकरी, परगावचे शिक्षण यांमुळे मुलींच्या गटात हे होतेच, म्हणून त्याची तरतूद पहिल्या गाण्याच्या आधी करावी. आमच्याकडे चॅनेलचे आणि गाणी इंटरनेटवर पोहोचवणाऱ्या वितरकाचे खाते गटाच्या स्वतंत्र ईमेलवर आहे, त्याचा पासवर्ड चौघींकडे आहे आणि गटाचे नाव उरलेल्यांकडेच राहील असे लिहून ठेवले आहे. आमच्यातील एक नोकरीनिमित्त पुण्याला गेली. तिने लिहिलेल्या गाण्यांचा वाटा तिच्या खात्यात अजूनही जमा होतो, आणि तिच्या जागी आलेल्या मुलीचा वाटा तिने स्वतः लिहिलेल्या पहिल्या गाण्यापासून सुरू झाला.