पर्लमध्ये गेटर-सेटर हाताने लिहू नका, लूपमधून बसवा

क्लासमध्ये नाव, पत्ता, फोन अशी दहा फील्ड असली की त्यांच्या किमती वाचणाऱ्या-बदलणाऱ्या (गेटर-सेटर) दहा जवळपास सारख्या मेथड लिहाव्या लागतात. त्याऐवजी:

१. फील्डच्या नावांची यादी करून तिच्यावर फॉरईच लूप चालवा. लूपचे व्हेरिएबल 'माय'ने तिथेच घोषित करा. सी-पद्धतीचा काउंटरवाला फॉर लूप इथे नको: त्यात सगळ्या क्लोजरना (बाहेरचे व्हेरिएबल धरून ठेवणाऱ्या फंक्शनना) एकच काउंटर मिळतो आणि लूप संपल्यावर सगळ्या मेथड त्याची शेवटचीच किंमत वापरतात.

२. लूपमध्ये आधी निनावी सब (नाव नसलेले फंक्शन) तयार करून एका व्हेरिएबलमध्ये ठेवा.

३. मग लहानसा वेगळा ब्लॉक उघडा, त्यात फक्त 'रेफ्स'पुरते (मजकुरातल्या नावाने संदर्भ देण्यापुरते) स्ट्रिक्ट, म्हणजे पर्लची कडक तपासणी, बंद करा आणि पॅकेजचे (क्लासचे) नाव, दोन कोलन व फील्डचे नाव जोडून बनलेल्या टाइपग्लॉबला (पॅकेजमधल्या त्या नावाच्या नोंदीला) तो सब द्या. ब्लॉकमध्ये एवढी एकच ओळ. स्ट्रिक्ट लेक्सिकल, म्हणजे लिहिलेल्या ब्लॉकपुरते लागू, असल्यामुळे सबही याच ब्लॉकमध्ये लिहिला, तर त्याच्या आतही 'रेफ्स'ची तपासणी बंद राहते आणि चुका गपचूप निसटतात.

एरर ट्रेसमध्ये अशा मेथडचे नाव 'अनॉन' असे दिसते, त्यावरून काहीच कळत नाही. पर्ल ५.२२ पासून सोबत येणाऱ्या सब::युटिल मॉड्यूलमधल्या सेट-सबनेमने नाव द्या, पण पॅकेजसकट. नुसते नाव दिले तर ते 'मेन' या मुख्य पॅकेजखाली जाते.

ऑटोलोडनेही (न सापडलेल्या मेथडची हाक झेलणाऱ्या सबने) हे साधते, मात्र मग 'कॅन'ला (मेथड आहे का हे सांगणाऱ्या मेथडला) मेथड सापडत नाही आणि डिस्ट्रॉय (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारा सब) लिहिलेला नसेल तर त्याची हाकही ऑटोलोडमध्येच येऊन पडते.

सावधान: बसवण्याआधी त्या नावाची मेथड आधीच आहे का, हे 'कॅन'ने तपासा. यादीत चुकून 'न्यू' आले तर ऑब्जेक्ट बनवणारा कन्स्ट्रक्टरच पुसला जाईल.