मुलगा बर्फावर, बाप शिस्तीच्या खुर्चीवर: लीग चालवताना या चुका टाळा

स्पर्धा चालवणाऱ्यांपैकी कुणाचा तरी मुलगा, भाचा नाहीतर जुना चेला एखाद्या संघात असतोच. त्याला इलाज नाही. घोळ होतो तो त्यानंतर. कसा होतो ते बघायला अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमधलं कॉलिन कॅम्पबेल प्रकरण पुरेसं आहे.

कॅम्पबेल २०११ पर्यंत लीगमध्ये खेळाडूंवर बंदी घालणारे अधिकारी होते. मुलगा ग्रेगरी तेव्हा त्याच लीगचा खेळाडू. ग्रेगरीच्या सामन्यांतल्या कारवाईचा निर्णय ते स्वतः घेत नसत, म्हणजे कागदोपत्री सगळं स्वच्छ.

पहिली चूक इथेच झाली. निर्णयातून उठलो की सुटलो, असं धरून चालले. २००७ मध्ये मुलाला पेनल्टी, म्हणजे काही मिनिटं खेळाबाहेर बसायची शिक्षा, देणाऱ्या पंचाबद्दल त्यांनी पंचांचे प्रमुख स्टीफन वॉकम यांना संतापून ईमेल लिहिले. आपल्याकडे सामना संपल्यावर पंचप्रमुखाला ‘जरा चहाला या’ म्हणतात, तसलाच प्रकार. पंच डीन वॉरेन यांना पुढे लीगने काढलं, ते कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या श्रम मंडळाकडे गेले आणि हे ईमेल तिथल्या कागदपत्रांत आले. खेळाडूंची नावं झाकलेली होती. पण एका वकिलाने ईमेलच्या तारखा घेतल्या, त्या दिवसांचे सामने काढले, कुणाला कधी पेनल्टी मिळाली ते ताडून पाहिलं, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये नावं उघडी पडली. वॉरेन मात्र दावा हरले.

म्हणून नियम लिहिताना ‘निर्णय घेणार नाही’ एवढंच लिहू नका. ‘त्या सामन्याबद्दल पंच विभागातल्या कुणाशी बोलणार नाही, लिहिणार नाही’ हेही लिहा. पालक म्हणून तक्रार असेल तर ती संघामार्फत, इतरांची येते तशीच येऊ द्या.

दुसरी चूक जुन्या रागाची. त्याच ईमेलमध्ये मार्क सावार्ड या खेळाडूला ढोंगी म्हटलं होतं. कॅम्पबेल न्यूयॉर्क रेंजर्सचे प्रशिक्षक असताना तो त्यांच्या हाताखाली खेळलेला. मार्च २०१० मध्ये मॅट कुकने त्याच सावार्डच्या डोक्याला जबर धडक दिली, तरी कॅम्पबेल यांनी कुकवर बंदी घातली नाही. खरं सांगायचं तर तेव्हाच्या नियमांत तशी धडक गुन्हा ठरतच नव्हती. नियम नंतर बदलला. निर्णय कदाचित बरोबरच असेल. पण ईमेल वाचलेल्या माणसाला ते कसं पटवणार?

तिसरी चूक सगळ्यांत जास्त दिसते: साहेबांच्या मुलाची फाइल साहेबांच्याच हाताखालच्या माणसाकडे देणं. २०११ च्या अंतिम मालिकेत ग्रेगरीचा बॉस्टन संघ होता, म्हणून तिथली कारवाई माइक मर्फी यांच्याकडे गेली. समोरच्या व्हँकुव्हर संघाच्या आरोन रोमला त्यांनी चार सामन्यांची बंदी ठोठावली. मर्फी कॅम्पबेल यांच्याच विभागातले. अशा वेळी माणूस बाहेरचाच हवा, वर्षभर पगारवाढीसाठी ज्याला साहेबांकडे बघावं लागत नाही असा.

एकाला काढून विषय मिटवणं ही चौथी. मार्च २०२१ मध्ये पंच टिम पील माइक चालू असताना बोलून गेले की नॅशव्हिल संघाला लवकर एक पेनल्टी द्यायचीच होती. लीगने त्यांना लगेच घरी बसवलं. दोन्ही संघांचा ‘हिशेब बरोबर करायची’ शिट्टी इतर किती पंच वाजवतात, याचं उत्तर त्याने मिळालं नाही.

लीगने केलेली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी. २०११ मध्ये शिस्तीचं काम ब्रेंडन शॅनहन यांच्याकडे गेलं आणि प्रत्येक बंदीमागे कारणं सांगणारा व्हिडिओ यायला लागला. धडक पुन्हा दाखवायची, कुठला नियम मोडला ते बोलायचं. तुमच्या लीगला व्हिडिओ परवडत नसेल तर निकालाखाली चार ओळी लिहा, आणि त्या कुणी लिहिल्या त्याचं नावही.